भट्टी एक, मुशी दोन



ज्या घरात संगणक एकच आहे, दिवसा त्यावर धंद्याचा हिशेब लिहिला जातो आणि संध्याकाळी त्याच पडद्यापुढे मुले खेळावयास बसतात, अशा घराविषयी हा पाठ आहे. अशी घरे थोडी नाहीत. किराणा दुकानदार, शिकवणी घेणारी शिक्षिका, घरूनच कार्यालयाचे काम करणारा कारकून, मंडळीचे हिशेब सांभाळणारा खजिनदार, ह्या सर्वांपुढे हा प्रश्न उभा आहे. बहुतेक ठिकाणी तो रागावून सोडविण्याचा प्रयत्न होतो आणि रागावून तो सुटत नाही. म्हणून त्याचे मूळ कोठे आहे, आणि त्यावर कोणता व्यवहार्य उपाय करता येईल, हे आपण क्रमाने पाहू.

१. एका छपराखाली दुकान आणि घर

उदाहरणादाखल चेन्नईमधील जॉर्ज टाउन ही जुनी व्यापारी वस्ती घेऊ. येथील गल्ल्या धंद्यांप्रमाणे वाटल्या गेल्या आहेत. गोडाऊन स्ट्रीटवर कापडाचा घाऊक व्यापार चालतो, अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिकांची दुकाने आहेत, तर मिंट स्ट्रीट आणि साहुकारपेठेचा परिसर सोन्याचांदीसाठी प्रसिद्ध आहे. येथील जुन्या इमारती अरुंद आणि खोल. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाड, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते.

सोन्याचांदीच्या ह्या पेठेत मराठी कुटुंबेही आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी ह्या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी माणसे भारतभर पांगली. गलाई व्यावसायिक म्हणून ती ओळखली जातात. भट्टी, मूस आणि हाताचे कसब एवढ्या भांडवलावर त्यांनी परमुलखात विश्वास कमावला.

आता ह्या धंद्यातही वहीची जागा संगणकाने घेतली आहे. गिऱ्हाइकाने दिलेल्या सोन्याचे वजन, त्याचा टंच, गाळल्यावर आलेली घट, येणे आणि देणे, हे सारे त्यात असते. वस्तू व सेवा कराची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यास प्रत्येक महिन्याची ११ आणि २० तारीख चुकवून चालत नाही. आणि शाळेतून आलेल्या मुलाला घरात खेळावयास अंगण नसते. खाली उतरावे तर हातगाड्या आणि दुचाकी. तेव्हा तो संगणकाकडे वळतो, यात नवल ते काय? वडिलांना ज्या यंत्रात भाकरी दिसते, त्याच यंत्रात मुलाला मैदान दिसते. दोघांचेही खरे आहे. ह्या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करावयास हवा.

२. हिशेब कोणाच्या मालकीचा?

सोने गाळणारा कारागीर एक नियम कधी मोडत नाही. एका गिऱ्हाइकाचे सोने तो दुसऱ्याच्या मुशीत मिसळू देत नाही. भट्टी एकच असते, विस्तव एकच असतो, मुशी मात्र वेगवेगळ्या. कारण मुशीतले सोने त्याचे स्वतःचे नसते. ते त्याच्या हाती विश्वासाने सोपविलेले असते.

संगणकातील हिशेबाचेही तसेच आहे. यंत्र आपण विकत घेतले म्हणून त्यातील सर्व काही आपले होत नाही. गिऱ्हाइकांची नावे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक, त्यांची उधारी, नोकरांचे आधार व बँकेचे तपशील ही दुसऱ्यांची ठेव आहे. आपण तिचे केवळ कारभारी आहोत. आपली स्वतःची वस्तू मुलाच्या हातून बिघडली तर आपण ती पदरात घालून घेऊ. दुसऱ्याची ठेव बिघडली तर त्याची क्षमा आपण परस्पर कशी करणार? आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. व्यवहारासाठी घेतलेली माहिती जपण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, हे तत्त्व त्याने लिखित स्वरूपात मांडले. पण प्रामाणिक व्यापाऱ्याला हे तत्त्व नवे नव्हते.

ही भीती काल्पनिक नाही. २००७ साली अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे एक प्रकरण आले. परिवहन विभागातील एक कर्मचारी घरच्या संगणकावर सरकारी काम करीत असे. तिच्या किशोरवयीन मुलीने त्याच संगणकावर गाण्यांच्या देवाणघेवाणीचा ‘लाइमवायर’ हा प्रोग्राम घातला. मुलीच्या मनात काहीही वाईट नव्हते. परंतु त्या प्रोग्रामच्या वाटेने सरकारी कागदपत्रे बाहेर उघडी पडली. २०२२ साली ‘लास्टपास’ ह्या, लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीवर मोठी चोरी ओढवली. चोर शिरले ते एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून, आणि तेही करमणुकीसाठी घातलेल्या एका प्रोग्राममधील उणिवेचा फायदा घेऊन. पहिल्या प्रकरणात मूल होते, दुसऱ्यात जाणता अभियंता. तेव्हा दोष वयाचा म्हणता येत नाही. काम आणि करमणूक एकाच मुशीत ओतली गेली, हे दोन्हींतील साम्य आहे.

३. सीमा आखणे आणि सीमा राखणे

जॉर्ज टाउनच्या इतिहासात सीमेविषयीची एक बोधप्रद गोष्ट आहे. फ्रेंचांशी झालेल्या युद्धानंतर इंग्रजांनी किल्ल्यालगतची जुनी वस्ती हटविली आणि तोफांसमोरचे मैदान मोकळे राहावे म्हणून १७७३ साली सीमास्तंभ उभारले. त्यांच्या पलीकडे बांधकामास मनाई होती. त्यांपैकी एक स्तंभ पॅरीज कॉर्नर येथे डेअर हाउसच्या आवारात आजही उभा आहे. त्याच सुमारास वस्तीभोवती तटबंदीही झाली. तिचा खर्च रहिवाशांवर कर बसवून काढावा असा कंपनीचा बेत होता. तो कर वसूल झाला नाही. ‘वॉल टॅक्स रोड’ हे रस्त्याचे नाव तेवढे मागे राहिले.

त्या सीमेचा हेतू सत्तेचा होता. आपला हेतू निराळा आहे. तरीही दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सीमा सर्वांना दिसेल अशी असावी, आणि तिचा खर्च कोण सोसणार हे आधी ठरावे. घराघरांतून असे दिसते की सीमा वडील आखतात आणि तिचा सारा कर मुलाकडून वसूल करू पाहतात. ‘संगणकाला हात लावू नकोस’ ही आज्ञा म्हणजे असा कर होय. तो क्वचितच वसूल होतो. वडील बाहेर गेले की मूल पासवर्ड शोधून काढते, आणि मग खेळाबरोबर लपवाछपवीही शिकते. यास्तव सीमा राखण्याचे पहिले कष्ट मोठ्यांनी घ्यावेत.

४. तीन खाती करावीत

सुदैवाने आजच्या संगणकात अशी सोय आहे की एकाच यंत्रात प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते उघडता येते. विंडोज प्रणालीत ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ ह्या विभागात ही सोय सापडेल. पुढीलप्रमाणे तीन खाती करावीत.

पहिले खाते किल्लीचे. ह्याला ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. नवा प्रोग्राम घालणे, जुना काढणे, खाती उघडणे, हे अधिकार त्याच्याकडे असतात. ते रोजच्या कामासाठी वापरू नये. तिजोरीची किल्ली आपण दिवसभर दाराला लावून ठेवीत नाही.

दुसरे खाते कामाचे. ते साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ प्रकारचे असावे. हिशेब, पत्रव्यवहार, बँक, विवरणपत्रे हे सर्व येथेच. मोठ्यांनीदेखील गाणी आणि चित्रपट ह्या खात्यात आणू नयेत.

तिसरे खाते मुलाचे. तेही साध्याच प्रकारचे. त्याचा पडदा, त्याची चित्रे, त्याचे खेळ, त्याचा अभ्यास ह्यांना येथे घर मिळते. नवा खेळ घालावयाचा झाल्यास संगणक बहुधा किल्लीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. त्या वेळी आईने किंवा वडिलांनी मुलाजवळ बसून तो खेळ कोणता, कोठून आणला, किती जागा घेतो, हे पाहावे आणि मग पासवर्ड घालावा. खात्यामागे खाते असल्याचा मोठा लाभ असा की पालक आणि मूल ह्यांच्यात ह्या निमित्ताने बोलणे होते.

खाती वेगळी झाल्याने कागदपत्रांचे फोल्डर वेगळे होतात, आणि ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड एकमेकांत मिसळत नाहीत. मुलाने चुकून एखादी फाइल पुसली तरी ती त्याच्याच दालनातील असते. विंडोजमध्ये मुलासाठी ‘फॅमिली सेफ्टी’ची जोड दिल्यास खेळाच्या वेळेची मर्यादाही ठरविता येते.

५. भिंतीतील खिंडारे

एवढ्याने निश्चिंत होऊ नये. ह्या भिंतीला काही खिंडारे असतात, ती आपणच शोधावी.

(अ) हिशेबाच्या काही प्रणाली आपली माहिती सर्व खात्यांना खुल्या असलेल्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवतात. पुष्कळ जण ती ‘डी’ ड्राइव्हवर ठेवतात, आणि तीही सर्वांना उघडी असू शकते. म्हणून एकदा मुलाच्या खात्यात शिरून हिशेबाची फाइल उघडते का हे पाहावे. उघडली तर भिंत केवळ रंगविलेली आहे असे समजावे, जाणकाराकडून फोल्डरची परवानगी बदलून घ्यावी, आणि हिशेबाच्या माहितीला तिचा स्वतंत्र पासवर्ड घालावा. हा पासवर्ड एका कागदावर लिहून सुरक्षित ठेवावा. टॅलीच्या ‘टॅलीव्हॉल्ट’सारख्या कुलपाची किल्ली हरवली तर माहिती परत मिळत नाही.

(आ) कामाचे खाते उघडेच ठेवून मुलाला दुसरे खाते देऊ नये. मागे हिशेब चालू राहतो, पुढे खेळ चालतो. एवढ्यात वीज गेली अथवा यंत्र अडकून बंद करावे लागले, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. आधी हिशेब बंद करावा, खात्यातून पूर्ण बाहेर पडावे, मगच खुर्ची सोडावी.

(इ) डिजिटल सहीचे यूएसबी टोकन संगणकाला लावून ठेवू नये. ती आपली सही आहे. काम संपताच ते काढून कपाटात ठेवावे. तसेच, ज्या मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात तोच मोबाइल रडणाऱ्या धाकट्याच्या हाती देण्याची सवय मोडावी. संगणकात भिंत बांधून मोबाइलचे दार सताड उघडे ठेवण्यात काय अर्थ?

(ई) फुकटचे म्हणून मिळणारे चोरटे खेळ, ‘क्रॅक’, ‘चीट’ आणि ‘मॉड’ ह्यांपासून दूर राहावे. ह्यांच्या वेष्टनात विषारी प्रोग्राम दडविणे ही जुनी युक्ती आहे, आणि किल्लीच्या खात्याचा पासवर्ड घालून आपणच त्याला आत घेतो. येथे प्रश्न सुरक्षिततेइतकाच सचोटीचा आहे. धंद्यात खरे वजन देणारे घर मुलाला चोरीचा खेळ आणून देऊ शकत नाही.

(उ) काही प्रामाणिक खेळांनाही यंत्राच्या अगदी गाभ्यात जागा लागते. उदाहरणार्थ, ‘व्हॅलोरंट’ ह्या खेळाबरोबर लबाडी रोखणारा ‘व्हॅनगार्ड’ हा प्रोग्राम येतो आणि तो प्रणालीच्या मुळाशी बसतो. खात्यांच्या भिंती त्याच्या वरच्या मजल्यावर असतात. असा खेळ कामाच्या संगणकावर नसावा.

(ऊ) हिशेबाची प्रत रोज निघाली पाहिजे. जाणकारांचा नियम असा की प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. कायम जोडून ठेवलेला पेन ड्राइव्ह ही खरी सुरक्षित प्रत नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार केला. असे प्रोग्राम जोडलेली साधनेही कुलूपबंद करतात.

ज्यांना परवडेल त्यांनी मुलांसाठी निराळे यंत्र घ्यावे, हे सर्वांत उत्तम. ते नवे असण्याची गरज नाही. मात्र एक चूक टाळावी. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने यंत्र कामास आणि नवे वेगवान यंत्र खेळास, अशी वाटणी मुलांच्या हट्टामुळे होऊ देऊ नये. ठेव ज्यात आहे त्या यंत्राला अधिक भक्कम दार हवे.

६. वेळेचीही वाटणी हवी

संगणकाच्या आत दोन दालने झाली तरी खुर्ची एकच राहते. म्हणून वेळ वाटून घ्यावी. एखाद्या रविवारी, कौटुंबिक प्रार्थनेनंतर सर्व जण एकत्र असताना, ही वाटणी बोलून ठरवावी आणि कागदावर लिहून भिंतीला लावावी. मुलाची वेळ कोणती, विवरणपत्राच्या आदल्या दिवशी काय करावयाचे, परीक्षेच्या दिवसांत काय, दोन भावंडे असतील तर पाळी कशी, हे सर्व त्यात असावे.

ही वाटणी दोन्ही बाजूंनी पाळावी, यावर माझा विशेष भर आहे. समजा, मुलाला संध्याकाळी सहा ते सात अशी वेळ दिली आहे. साडेसहाला एका गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि वडील ‘ऊठ, मला पाच मिनिटे काम आहे’ असे म्हणतात. पाच मिनिटांचा अर्धा तास होतो. मुलगा काही बोलत नाही, परंतु एक गोष्ट शिकतो: ह्या घरात लिहिलेला शब्द लहानांना बांधतो, मोठ्यांना बांधत नाही. पुढे तो सातचे आठ करील तेव्हा त्याला कोणत्या तोंडाने बोलावे? खरोखरच निकड असेल तर मुलाला विचारावे, आणि घेतलेली मिनिटे त्याच दिवशी परत करावीत. ज्या घरी गिऱ्हाइकाच्या सोन्याची गुंज न् गुंज मोजून परत होते, त्या घरी मुलाची पंधरा मिनिटेही मोजून परत व्हावीत.

पैशाच्या बाबतीत मात्र सीमा ठाम असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तामिळनाडूनेही त्यापूर्वी २०२२ साली ऑनलाइन जुगाराविरुद्ध कायदा केला होता. पण जुगार नसलेल्या खेळांतही शस्त्रे आणि पोशाख विकत घेण्याची आमिषे असतात. म्हणून मुलाच्या खात्यात बँकेचे कार्ड किंवा यूपीआय कधीही जोडू नये.

७. भिंतीला दार असावे

मुलाच्या बाजूनेही ह्या व्यवस्थेकडे पाहू या. आपण त्याला स्वतंत्र खाते देतो ते त्याच्यावर संशय आहे म्हणून, असे त्याला वाटता कामा नये. त्याच्या नावाचे दालन, त्याने निवडलेले चित्र, त्याचा स्वतःचा पासवर्ड, ही त्याच्या आयुष्यातील कदाचित पहिली मालमत्ता असेल. अरुंद घरात ज्याला स्वतःचे कपाटही नाही, त्याला ही जागा मोलाची वाटते. लहान मुलाचा पासवर्ड पालकांना ठाऊक असावा. पण त्याच्या नकळत तेथे डोकावू नये. पाहावयाचे असेल तेव्हा त्याच्यासमवेत पाहावे.

खेळाची अतोनात धास्तीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आपल्या रोगांच्या सूचीत केली आहे. ती सूची २०२२ पासून अमलात आली. परंतु खेळणे आवरता न येणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, अशी लक्षणे सामान्यतः वर्षभर टिकली तरच त्याला विकार म्हणतात. असे चिन्ह दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. शाळा, जेवण, झोप आणि मित्र सांभाळून तासभर खेळणारे मूल आजारी नसते.

आणि एखादे दिवशी त्याला उलट्या बाजूने सीमा ओलांडू द्यावी. त्याला कामाच्या खुर्चीजवळ बसवून सांगावे, ‘हे बघ, ह्या ओळीतले सोने आपले नाही. हे ज्याचे आहे त्याला एवढे परत द्यायचे आहे.’ ज्या मुलाला ठेव म्हणजे काय हे कळले, त्याला पासवर्डची भिंत जाचत नाही. तो पुढे स्वतःच ती राखतो. संगणकातील खाती आपल्याला वेळ मिळवून देतात. त्या वेळात मुलाच्या मनात ही समज रुजली, तर आपले कष्ट सार्थकी लागले असे समजावे.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१) आपल्या संगणकात इतरांची कोणती ठेव आहे? तिची यादी करा.

२) मुलाच्या खात्यातून हिशेबाची फाइल उघडते का? आज रात्री तपासून पाहा.

३) हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या दिवशी काढली? ती कोठे आहे?

४) मागील आठवड्यात मुलाच्या वेळेतून मोठ्यांनी किती मिनिटे घेतली? ती परत केली का? ह्या प्रश्नाचे उत्तर मुलाने द्यावे.